मेटल डिटेक्टर घेताना: हलका की दणकट?

आमच्या साताऱ्याकडच्या घरी शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी वेळूची असायची आणि कुदळीचा दांडा बाभळीचा. याच्या उलट कोणी करत नसे. आकडी हात लांब करून तासभर धरायची, म्हणून ती हलकी हवी. कुदळ दणके खाते, तिला वजन असलं तरच ती जमिनीत शिरते. मेटल डिटेक्टर ही आकडी आहे. तो कुदळ असल्यासारखा निवडला की हात भरून येतो, आणि हात भरून आला की जमिनीतलं सापडायचं ते राहून जातं.

मी इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहतो. इथे शेतमालकाची परवानगी घेऊन, कायदा पाळून डिटेक्टर फिरवणं हा रीतसर छंद आहे आणि आपली मराठी माणसंही अलीकडे त्यात दिसू लागली आहेत. नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की हलकं मशीन घेऊ की मजबूत? त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, पण काही पायऱ्यांनी गेलं तर ज्याचं त्याला सापडतं.

आधी वजनाचा खरा अर्थ समजून घ्या

वजन हा फक्त आरामाचा प्रश्न आहे, असं सगळ्यांना वाटतं. थोडा त्रास सोसू, पण मशीन टिकाऊ घेऊ, असा आपला स्वभावही आहे. इथेच चूक होते.

जमिनीतल्या नाण्याकडून येणारा संकेत अंतर वाढेल तसा फार झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झालं तर लहान वस्तूचा संकेत निम्मा होत नाही, साठाव्या हिश्श्याहूनही खाली जातो. त्यामुळे कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची ती थाळी, जमिनीला जवळजवळ घासत फिरली पाहिजे. सकाळी नऊला ती तशी फिरते. साडेअकराला खांदा भरून येतो आणि फेरीच्या दोन्ही टोकांना थाळी आपोआप वर उचलली जाते, पाळण्यासारखी. दोन-तीन सेंटीमीटरच, पण मध्ययुगीन चांदीची पेनी केवढी असते? जेमतेम १८ मिलिमीटर व्यासाची, दीडेक ग्रॅमची, कागदासारखी पातळ. वीतभर खोल असलेली अशी पेनी त्या दोन-तीन सेंटीमीटरांत हुकते, आणि ती हुकली हे तुम्हाला कळतही नाही.

म्हणून माझ्यापुरता मी हिशेब असा मांडतो. मशीन कागदावर किती खोल जातं याला फारसा अर्थ नाही. चौथ्या तासाला ते तुमच्या हातात किती खोल जातं, ते बघा. हलकं मशीन तिथे भारी मशीनच्या पुढे जातं.

वजनाची ही झुंज जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक तयार केला. तो एका माणसाला वाहता यायचा आणि त्याचं वजन १४ किलोच्या जरा आत होतं. १९४२ साली अल अलामेनच्या वाळवंटात सैनिकांनी तो घेऊन सुरुंगांतून वाट काढली. आज आपण शंभर ग्रॅमचा कीस काढतो, पण त्या १४ किलोंपासून सव्वा किलोपर्यंत येताना माणसांनी एक-एक भाग कसा हलका केला असेल, हे डोळ्यांपुढे ठेवलं की प्रत्येक ग्रॅमची किंमत कळते.

पायरी १: जमीन ठरवा, मग मशीन

कुठे फिरणार हे ठरल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

कापणी झालेलं गव्हाचं शेत असेल तर धसकटं असतात. ती कॉइलच्या कडेला सतत टोचतात, ठोकतात. मक्याची धसकटं तर अंगठ्याएवढी जाड, त्यांच्यात थाळी अडकते आणि हिसका सरळ कॉइलच्या कानावर, म्हणजे ती दांड्याला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टोकावर येतो. आमच्या सफोक-नॉरफोकच्या नांगरटीत चकमकीचे दगड पडलेले असतात. त्यांच्या कडा सुरीसारख्या. इथे दणकटपणा लागतो, पण तो फक्त कॉइलला आणि तिच्या जोडाला. बाकीच्या मशीनला नाही.

गवताळ कुरणात असा काही मार बसत नाही. तिथे हलकेपणालाच पहिला मान द्यावा.

समुद्रकिनारा ही तिसरी तऱ्हा. तिथे मार कमी, पण वाळू आणि खारं पाणी. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

आणि सोनं शोधायचं असेल तर गोष्टच वेगळी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बाजूला आपली बरीच कुटुंबं आहेत आणि व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढून सोन्याचे कण शोधता येतात. त्या कामाची मशीनं मुळात जड. मिनलॅबचं २०१५ साली आलेलं जीपीझेड ७००० सुमारे ३.३ किलोचं आहे. ते छातीला पट्टे बांधून, दोरीला टांगूनच फिरवतात. त्याच कंपनीने २०२१ साली जीपीएक्स ६००० आणलं ते २.१ किलोचं. सव्वा किलोचा हा फरक उन्हात, चढावर किती जाणवत असेल ते सांगायला नको.

जमिनीबरोबर कायदाही इथेच बघून घ्या. इंग्लंडमध्ये मालकाची परवानगी हवीच, शक्यतो लेखी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. नाण्यांसाठी आणि इतर काही वस्तूंसाठी वेगळे नियम आहेत, तेही वाचून ठेवा. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे.

सुट्टीत गावी जाताना बॅगेत मशीन टाकू नका, हेही कळकळीने सांगतो. ‘किल्ल्यावर फिरवून बघू या’ असं नातेवाईक हौसेनं म्हणतात. आपल्याकडे संरक्षित किल्ल्यांवर विनापरवाना खणणं गुन्हा आहे, १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. आपल्या गडांची माती आधीच पुष्कळ उकरली गेली आहे. तिला आपण हात लावू नये.

पायरी २: वजन खोक्यावर वाचू नका, हातावर मोजा

खोक्यावर ‘१.३ किलो’ लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अर्थ आहे, पण अर्धाच. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई विहिरीपासून घरापर्यंत चालत येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं जाणार नाहीत. पाणी तेवढंच, कळशी तीच. वजन अंगापासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं.

डिटेक्टरची मूठ आणि कॉइल यांत साधारण ९० सेंटीमीटर अंतर असतं. कोपराच्या मागे लावलेली बॅटरी मुठीपासून ३० सेंटीमीटरवर असते. म्हणजे कॉइलमध्ये १०० ग्रॅम वाढले तर तोल साधायला मागे ३०० ग्रॅम लावावे लागतात. मागे ते लावले तर मशीन तोललं जाईल, पण एकूण ४०० ग्रॅम वाढतील. म्हणून एक ग्रॅम वाचवायचा तर तो कॉइलकडे वाचवा.

याचा दुसरा परिणाम असा, की दीड किलोचं पण मागे बॅटरी असलेलं मशीन सव्वा किलोच्या पुढून जड मशीनपेक्षा हाताला हलकं वाटू शकतं. नवा माणूस फक्त आकडा बघतो आणि फसतो.

दुकानात हे करून बघा. मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट ठेवून मशीन तोलून धरा. कॉइल झपकन खाली गेली तर ते नाकजड आहे. मग हात कफमध्ये, म्हणजे कोपराजवळ हात बसवायच्या वाटीत, घालून सलग पंधरा मिनिटं फिरवा. दुकानदाराला आधी सांगून ठेवा म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही. पाच मिनिटांत काहीच कळत नाही, दहाव्या मिनिटाला मनगट बोलू लागतं.

दुकान लांब असेल तर घरी एक प्रयोग होतो. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घ्या. टोकाला अर्धा किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. पिशवीपासून ९० सेंटीमीटरवर दांडा धरा, मागचा भाग कोपराखाली टेकवा आणि पिशवी जमिनीला न टेकवता डावी-उजवीकडे वीस मिनिटं फिरवा. आता पाव किलो तांदूळ कमी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. मी हे माझ्या बहिणीकडून करून घेतलं होतं. तिने आधी ठरवलेलं मोठ्या कॉइलचं मशीन सोडून दिलं आणि आजही ती माझ्यापेक्षा जास्त वेळ शेतात टिकते.

एका सेकंदाला एक दिशा धरली तर डावीकडून उजवीकडे आणि परत यायला दोन सेकंद. तासाला १८०० फेऱ्या. चार तासांतला निम्मा वेळ खणण्यात गेला तरी ३६०० फेऱ्या होतात. तेवढ्या वेळा टोकावरचं वजन तुम्ही चालवता, थांबवता आणि उलट फिरवता.

बाजारातले काही आकडे माहीत असावेत. मिनलॅबचं सीटीएक्स ३०३० हे २०१२चं नामांकित मशीन जवळजवळ २.४ किलोचं. त्याच कंपनीचं २०१८ सालचं इक्विनॉक्स ८०० हे १.३४ किलोचं, आणि त्याच्या पुढचं इक्विनॉक्स ९०० कार्बन फायबरचा दांडा घेऊन १.२७ किलोवर आलं. इथे एक गोष्ट मुद्दाम टिपा. ८०० हे ३ मीटर पाण्यात चालतं, तर ९०० हलकं होऊनही ५ मीटरपर्यंत. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचं डेउस तर एक किलोच्या आसपास. कॉइलपासून वर येणारी वायरच त्यात नाही. त्याचं पुढचं डेउस २ हे २० मीटर खोलीपर्यंत चालतं. हलकं म्हणजे तकलादू, ही जुनी समजूत आता तशीच्या तशी खरी राहिलेली नाही. मात्र हलकेपणासाठी पैसे मोजावे लागतात, हे खरं.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला सव्वा किलोच्या आसपास राहा. दीड किलोच्या वर जायचं असेल तर तसं ठोस कारण हवं.

पायरी ३: मशीन नेमकं कुठे मोडतं ते बघा

‘मजबूत आहे का?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. डिटेक्टर सगळीकडून मोडत नाही. चार-पाच ठरलेल्या जागी मोडतो, आणि त्या जागा मुठीत मावतील एवढ्या आहेत.

पहिली जागा कॉइलचे कान. थाळीच्या वरच्या बाजूला प्लास्टिकचे दोन उभे कान असतात, त्यांच्या मध्ये दांड्याचं टोक बसतं आणि आरपार प्लास्टिकचा बोल्ट जातो. धातूचा बोल्ट तिथे चालत नाही, कारण कॉइल त्यालाच ओळखेल. कानांच्या आणि दांड्याच्या मध्ये रबरी वायसर असतात. ते झिजले की कॉइल लुळी पडते, नाक खाली टाकते. मग माणूस काय करतो? बोल्ट आवळतो. मीही तेच केलं. एका ऑक्टोबरच्या थंड सकाळी, कॉइल सारखी वाकडी होतेय म्हणून बोल्ट अजून एक आटा फिरवला आणि कट्ट असा बारीक आवाज आला. कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर. दुपारपर्यंत त्या चिरेतून दव आत गेलं आणि मशीन रिकाम्या जमिनीवर कुई-कुई करायला लागलं. बारा-पंधरा रुपयांच्या लायकीचे दोन रबरी वायसर वेळेवर बदलले असते तर महिन्याच्या किराण्याएवढी किंमत असलेली कॉइल वाचली असती. बोल्ट बोटांनी आवळायचा, पक्कड लावायची नाही. कॉइल ढिली वाटली तर वायसर बदला.

दुसरी जागा दांड्याचे जोड. दांडा दोन-तीन भागांत सरकतो आणि मध्ये खटक्याचं किंवा फिरकीचं कुलूप असतं. त्यात वाळू गेली की जोड झिजतो, दांडा स्वतःभोवती थोडा फिरतो, आणि प्रत्येक फेरीला टोकाशी डगडग होते. विकत घेताना एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने कॉइल धरून पिळून बघा. नव्या मशीनला थोडी हालचाल चालते. ती कानाने ऐकू येत असेल तर नको.

दांडा ॲल्युमिनियमचा की कार्बन फायबरचा? हा प्रश्न या सगळ्या विषयाचं सार आहे. ॲल्युमिनियम जड, पण मार बसला तर पोचतो, वाकतो, आणि वाकलेला दांडा घेऊन दिवस काढता येतो. कार्बन हलका, ताठ, टोकाशी डुगडुगत नाही. पण त्याला आडवा घाव सोसत नाही, तो चिरतो आणि बारीक कुसळं निघतात. गाडीच्या डिकीत त्याच्यावर फावडं आदळलं तर त्याची गत ठरलेली. म्हणून कार्बनचा दांडा घ्याच, मी स्वतः तोच वापरतो, पण नेताना त्याला वेगळी कापडी पिशवी द्या आणि लोखंडाच्या खाली ठेवू नका. हवेत फिरवताना तो कधीच मोडत नाही. मोडतो तो गाडीत.

तिसरी जागा कॉइलची वायर. ती दांड्याला गुंडाळताना फार सैल ठेवली तर हलते आणि खोटे आवाज येतात. फार ताणली तर कॉइलपाशी जिथून निघते तिथे आतल्या आत तुटते. कॉइल पूर्ण मागे-पुढे वाकवून बघा आणि तेवढ्यापुरती ढील द्या.

चौथी जागा कॉइलचा तळ. त्याला पातळ प्लास्टिकचं कव्हर मिळतं. ते दगडांच्या शेतात लावाच. थोडं वजन वाढेल, तेही अगदी टोकाशी, तरीही लावा. सगळ्या मशीनमध्ये दणकटपणासाठी मी मनापासून वजन वाढवू देतो अशी जागा हीच. कारण कव्हर घासून गेलं तर बदलता येतं, तळ घासून गेला तर कॉइल जाते. कुरणात काढून ठेवलं तरी चालेल.

कफही तुटते, कारण मशीन उभं करताना लोक तिच्यावर भार देतात. तिचा स्क्रू तपासत जा, एवढं पुरे.

टिकाऊपणाची आणखी एक बाजू आहे, सुट्या भागांची. वायसर, बोल्ट, कव्हर, दांडा वेगळे मिळतात का, हे आधी बघा. अमेरिकेतली टेसोरो कंपनी हलक्या मशीनांसाठी आणि आजीवन वॉरंटीसाठी प्रसिद्ध होती. २०१८ साली कंपनीच बंद झाली. वॉरंटीचा कागद कंपनी असेपर्यंतच. सुटे भाग चार दुकानांत मिळत असतील तर मशीन खरं टिकतं.

आणि जुनं मशीन टिकतं हेही खरं. २००९ साली स्टॅफर्डशरच्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळाचा जो ठेवा मिळाला, ज्यात जवळपास ४ किलो सोनं होतं, तो त्यांच्या १४ वर्षं जुन्या डिटेक्टरने. सेकंड-हँड घ्यायला म्हणूनच हरकत नाही. घेताना कान, जोड, वायरचं मूळ आणि चार्जिंगची टोकं, या चार जागा उजेडात बघा. मशीन चालू करून, आसपास धातू नाही अशा ठिकाणी, कॉइलला बोटांच्या पेरांनी हलकेच टकटक करा. आवाज आला तर आत काहीतरी सुटलं आहे. स्वस्त असलं तरी सोडून द्या.

पायरी ४: पाण्याची अक्षरं वाचायला शिका

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच स्वस्त मशीनांत फक्त कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी नाही. मशीनच्या माहितीत ‘आयपी’ आणि दोन आकडे असतात, ते धूळ-पाणी किती सोसेल याचं माप. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी लिहिते, ते वाचायचं.

तुम्ही फक्त शेतात जाणार असाल तर ५ मीटर खोलीसाठी पैसे घालू नका. इंग्लंडच्या पावसात मात्र वरची पेटी भिजतेच, म्हणून निदान पावसापुरता बंदोबस्त हवा. आणि हो, पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला की ती वेळ चुकवू नका. ओलसर जमिनीत संकेत खूपदा जास्त स्वच्छ येतात आणि खणायलाही माती मऊ असते.

किनाऱ्यावर जाणाऱ्याने मात्र इथे तडजोड करू नये. लाट विचारून येत नाही.

पायरी ५: अंगाला बसवून घ्या

एकच मशीन एकाला हलकं आणि दुसऱ्याला जड होतं, कारण ते नीट बसवलेलं नसतं. सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा. कोपर किंचित वाकलेलं असताना कॉइल तुमच्या पावलांपुढे फूटभर अंतरावर, जमिनीला समांतर आली पाहिजे. बहुतेक नवे लोक दांडा फार लांब ठेवतात, त्यांना वाटतं जास्त जागा झाकली जाईल. दहा सेंटीमीटर दांडा आत घ्या, मशीन पाव किलो कमी झाल्यासारखं वाटेल. कंबर वाकवावी लागेल इतका मात्र आखूड करू नका.

कफ कोपराच्या खाली दोन-तीन बोटांवर यावी. पट्टा लावा, पण रक्त अडेल इतका नको. मूठ अंड्यासारखी धरा. घट्ट आवळली की त्रास मनगटातून कोपरात चढतो. माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं असंच सुरू झालं आणि ते जायला सात महिने लागले. फेरी मनगटाने नाही, कमरेपासून मारा, दीड मीटरहून रुंद नको. दर अर्ध्या तासाने हात बदला. डाव्या हाताला पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल, मग तो शिकतो.

मोठी कॉइल हवीशी वाटेल. जास्त खोल, जास्त जागा. मोकळ्या नांगरटीत तिचा उपयोग आहे हे खरं, पण ती टोकाचं वजन वाढवते आणि खिळे-पत्र्यांनी भरलेल्या जागेत गोंधळते. सहा इंची लहान कॉइल तिथे जास्त नाणी देते आणि हाताला सुट्टी मिळते. मी वर्षभर ११ इंची वापरतो आणि जुन्या वाड्यांच्या, पायवाटांच्या कडेला सहा इंची लावतो. पंधरा इंची मी विकून टाकली.

पायरी ६: वजन कुदळीत घाला

आता दुसरी बाजू. खणायचं हत्यार हलकं घेऊ नका. चकमकीच्या दगडांच्या चिकण मातीत हलकं, स्वस्त फावडं दुसऱ्या महिन्यात मानेपाशी वाकतं. पातं आणि दांडा एकसंध वेल्ड केलेलं, वर पाय ठेवायला रुंद कड असलेलं स्टेनलेस स्टीलचं घ्या. ते डिटेक्टरपेक्षा जड भरेल आणि ते योग्यच आहे. त्याचं काम त्याचं वजन करतं, आणि मधल्या वेळात ते जमिनीवर टेकलेलं असतं किंवा खांद्यावर.

खड्डा करताना डिटेक्टर हातभर लांब, कॉइल खाली ठेवून आडवा ठेवा. फावड्याचं पातं कॉइलवर बसून झालेलं नुकसान मी तीन जणांचं पाहिलं आहे. खड्डा परत नीट बुजवा, मालक दुसऱ्यांदा येऊ देतो तो त्यामुळे.

पट्ट्याला लावायची पिशवी डिटेक्टरच्या विरुद्ध बाजूला ठेवा. दुपारपर्यंत त्यात शिशाचे तुकडे, नांगराच्या फाळाचे तुकडे, डब्यांची झाकणं मिळून किलोभर कचरा साठतो. तो जेवायच्या वेळी गाडीत ओता. लोक मशीनच्या ५० ग्रॅमसाठी शंभर पौंड जास्त देतात आणि कमरेला किलोभर शिसं घेऊन हिंडतात, हे मी नेहमी पाहतो.

पायरी ७: घरी आल्यावरची वीस मिनिटं

हलकं मशीन दहा वर्षं टिकवायचं ते इथे.

कॉइलचं कव्हर काढा. आत ओली माती साठलेली असते, कधी मूठभर. ती खोटे आवाज करते आणि टोकाचं वजनही वाढवते. कव्हर आणि तळ ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर परत बसवा. दांड्याचे भाग सुटे करून प्रत्येक जोड पुसा. जोडांत तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि कानशीसारखं काम करते.

किनाऱ्यावरून आला असाल तर मशीन साध्या पाण्याखाली धरा, आधी सगळी झाकणं घट्ट आहेत याची खात्री करून. नळाची जोरदार धार जोडांवर मारू नका, वाळू आणखी आत जाते. बादलीत बुडवून हळू हलवलेलं बरं. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर मऊ ब्रशने काढा, आणि टोकं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावू नका. ओल्या टोकांत वीज सोडली की ती फार लवकर गंजतात. बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी पाणी आत जाईल. बोट फिरवून बघा, डोळ्यांना तो कण दिसत नाही.

हिवाळ्यात महिनाभर मशीन पडून राहणार असेल तर लिथियम बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी नको. मशीन गाडीत राहू देऊ नका. कॉइलचा बोल्ट अर्धा आटा सैल करा म्हणजे रबरी वायसर दबून चपटे होणार नाहीत. वायसरांचा एक जादा जोड आणि एक जादा बोल्ट टेपने कफच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. शेताच्या मधोमध, गाडीपासून अर्ध्या मैलावर बोल्ट तुटतो तेव्हा तो तिथेच हाताशी लागतो.